सणाच्या दिवशीची दहा किलोमीटर शर्यत : कोण कुठे उभं राहणार?

ए-७०४ : नमस्कार मंडळी. सणाच्या सुट्टीला सकाळी दहा किलोमीटरची शर्यत आहे ना, तिला ऑफिसातल्यांच्या नादाने मीपण नाव दिलंय. तीन आठवडे उरलेत. पाच किलोमीटर रडतखडत पळते, त्यापुढे कधी गेलेले नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी पळणारं आहे का?

सी-५०६ : बी-४०२ काकांना विचार. बाकी आम्ही फक्त टाळ्या वाजवायला.

बी-४०२ काका : आलो. आधी एक सांग, शर्यत पूर्ण करायचीय की वेळ लावायचीय?

ए-७०४ : काका, पूर्ण झाली तरी गंगेत घोडं न्हालं.

बी-४०२ काका : मग सोपं आहे. आठवड्यातून तीन दिवस पळ, त्यातला एक दिवस लांब. लांब म्हणजे आधी सहा, मग सात, जमलं तर आठ. शेवटच्या आठवड्यात निम्म्यावर ये, तेव्हा केलेली मेहनत शर्यतीत उपयोगी पडत नाही, फक्त पाय जड होतात. वेग असा ठेव की सोबतच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की तू जास्त जोरात पळतेयस. आणि मधेमधे चालायचं. दमल्यावर नाही, आधीपासूनच. चार मिनिटं पळ, एक मिनिट चाल, पहिल्या किलोमीटरपासून.

बी-१०३ आजोबा : शर्यतीत चालतात? मग शर्यत कसली ती?

बी-४०२ काका : आजोबा, जेफ गॅलोवे नावाचा अमेरिकन धावपटू. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेला. तिकडे अटलांटात ४ जुलैच्या सुट्टीला पीचट्री रोड रेस होते, तीही दहा किलोमीटरचीच. १९७० मधली पहिलीवहिली त्यानेच जिंकली होती. त्याच माणसाने पुढे वर्षानुवर्षं हौशी लोकांना पळता पळता चालायला शिकवलं. पाय शेवटपर्यंत ताजे राहतात म्हणून.

बी-१०३ आजोबा : असं होय. नावनोंदणी चालू आहे का अजून?

सी-२०५ ताई : आजोबा 😄 चालू आहे, मी करून देते. आम्ही चौघी मैत्रिणी फॅन्सी ड्रेस करून पळणार आहोत. डोक्याला चांदण्या, पाठीला पंख. कोणी येतंय का आमच्यात?

बी-६०१ : पंख? ताई, मी गेले चार महिने तासाच्या आत येण्यासाठी घाम गाळतोय. तुम्ही पंख लावून चौघी ओळीने पुढे उभ्या राहिलात तर आम्ही जायचं कुठून?

सी-२०५ ताई : रस्ता काय विकत घेतलाय का? सणाचा दिवस आहे, लोक मजा करायला येतात. तुला वेळच लावायची आहे तर एरवीच्या शर्यती काय कमी आहेत?

बी-६०१ : फी मीपण भरलीय.

बी-४०२ काका : थांबा थांबा. दोघांचंही खरं आहे, आणि भांडण पंखांवरून नाहीच मुळी. भांडण उभं कुठे राहायचं याचं आहे. सणाच्या शर्यतीत कितीतरी लोक वर्षातून एकदाच पळणारे असतात. कोणी बाबागाडी घेऊन येतं, कोणी कुत्रा, कोणी अख्खं कुटुंब. हे सगळे हौसेने लवकर येऊन पहिल्या रांगेत उभे राहतात, आणि मागून येणाऱ्याला पहिला किलोमीटर त्यांच्यातून नागमोडी जावं लागतं. यात पडापडी होते, घोटे मुरगळतात. मुकाट्याने आपल्या वेगाच्या गटात उभं राहिलं तर पंखही नांदतील आणि घड्याळही. ताई, तुम्ही मागे उभ्या राहा आणि पळताना दोघी-दोघी. चालायला लागायच्या आधी हात वर करून कडेला या, रस्त्याच्या मधोमध एकदम थांबू नका.

सी-२०५ ताई : पण मागे उभं राहिलं की वेळ वाया जातो ना? रेषेपर्यंत पोचायलाच पाच मिनिटं लागतात.

बी-४०२ काका : बिबच्या, म्हणजे अंगावर लावायच्या नंबराच्या कागदाच्या, मागे वेळ नोंदवणारी चिप असते. सुरुवातीच्या रेषेवर चटई अंथरलेली असते, तिच्यावरून गेलात की तुमचं घड्याळ सुरू. शेवटच्या चटईवर बंद. त्यामुळे मागून निघाल्याने तुमच्या वेळेत काही फरक पडत नाही. फक्त बिब छातीवर किंवा पोटावर सपाट लावा, घडी घालू नका, चुरगळू नका. आणि त्यावर पंखांचे पट्टे आणू नका, नाहीतर फोटोत नंबर दिसत नाही.

सेक्रेटरी : सर्वांना सूचना, उद्या १० ते १२ टाकीची सफाई आहे, पाणी बंद राहील. चर्चा चालू द्या.

बी-१०३ आजोबा : वेळ लावायची नाही, मजाच करायची, असं म्हणणाऱ्यांसाठी एक. ब्राझीलमध्ये साओ पाउलोला ३१ डिसेंबरला शर्यत होते, साओ सिल्व्हेस्त्रे. १९२५ पासून चालू आहे, पूर्वी रात्री व्हायची. १९५३ साली तिथे कोण जिंकलं माहितेय? एमिल झाटोपेक! आदल्याच वर्षी हेलसिंकीत ५,०००, १०,००० आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णपदकं घेतलेला माणूस वर्षअखेरीच्या शर्यतीत पळायला गेला. म्हणजे सणाची शर्यत काही केवळ गंमत नव्हे.

सी-२०५ ताई : आणि तिथे बायकांना पळायला १९७५ पर्यंत वाट बघावी लागली, तेही सांगा की आजोबा.

बी-१०३ आजोबा : ते मान्य.

सी-५०६ : एक विचारायचं होतं. माझ्या धाकट्या भावाने नाव दिलंय, पण त्याला ताप आलाय, तो काही पळणार नाही. बिब फुकट जाईल. कोणाला हवा का?

ए-३०१ डॉक्टर मॅडम : कृपया देऊ नका, आणि कोणी घेऊही नका. बिबच्या नंबरामागे धावणाऱ्याचं नाव, वय, रक्तगट, घरच्यांचा फोन असतो. वाटेत कोणी कोसळलं तर वैद्यकीय पथक तो नंबर बघून माहिती काढतं. दुसऱ्याचा बिब लावलेला असेल तर भलत्याच घरी फोन जातो आणि उपचार करणाऱ्यांसमोर भलतीच माहिती येते. आयोजक रीतसर नावबदल करून देत असतील तर करा.

बी-६०१ : शिवाय निकालाचा घोळ. पंचविशीतला मुलगा साठीच्या काकूंचा नंबर लावून पळतो आणि त्या वयोगटातलं बक्षीस खऱ्या काकूंच्या हातून जातं.

सी-५०६ : बरं, राहू दे. पण ताप उतरला तर भाऊ स्वतः पळाला तर चालेल का?

ए-३०१ डॉक्टर मॅडम : नुसतं नाक वाहतंय, शिंका येतायत, एवढंच असेल तर हळू पळायला हरकत नसते. ताप, अंगदुखी, छातीत खोकला यातलं काहीही असेल तर नाही. ताप कालच उतरलाय म्हणून आज दहा किलोमीटर हेही नाही. आता विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. काही जण गुडघा दुखू नये म्हणून पळायच्या आधीच आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतात. ते करू नका. पळताना मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा तसाही कमी झालेला असतो, घामाने पाणीही गेलेलं असतं, त्यात या गोळ्यांचा ताण पडतो. आणि दुखणं दाबून पळलं की दुखापत वाढलेली कळतच नाही. छातीत दाब, चक्कर, श्वास लागण्याच्या पलीकडचं काही वाटलं तर थांबा, पदकाचं बघू नंतर.

ए-७०४ : पाणी किती प्यायचं मॅडम? आणि ते पळताना खायचं साखरेचं जेल वगैरे घ्यायचं का?

ए-३०१ डॉक्टर मॅडम : तहान लागेल तसं प्या. तास-सव्वा तासाच्या पळण्याला शरीरात साखरेचा साठा पुरतो, जेलची गरज नाही. प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेले ढोसायचीही नाही. आदल्या रात्री मात्र सण आहे म्हणून जागरण आणि भरपेट जेवण दोन्ही एकदम नको. जागरण ठरलेलंच असेल तर त्याच्या आदल्या रात्री तरी पुरेशी झोप घ्या.

बी-४०२ काका : आणि नवीन बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. दरवर्षी कोणीतरी भेट मिळालेले कोरे बूट घालून येतंच.

सी-२०५ ताई : पंख?

बी-४०२ काका : पंख लावून आधी एकदा तीन किलोमीटर पळून बघा. कुठे घासतंय ते तेव्हाच कळेल. घासतं तिथे व्हॅसलीन.

(शर्यतीच्या दिवशी, दुपारी)

ए-७०४ : झाली!!! १ तास २२ मिनिटं. चार-एकने गेले. आठव्यानंतर तीन-एक केलं, पण पळाले शेवटपर्यंत. सुरुवातीला सगळे सुसाट निघाले तेव्हा फार वाटत होतं आपणही सुटावं, काकांचं ऐकून थांबले. पाचव्यानंतर त्यातले किती तरी जण कंबरेवर हात ठेवून उभे होते.

बी-४०२ काका : शाब्बास. आता आज संध्याकाळी वीस मिनिटं चाल. पायऱ्या उतरताना उद्यापेक्षा परवा जास्त दुखेल, घाबरू नकोस.

बी-६०१ : मी आयोजकांना तक्रार करणार आहे. रस्ता लांब होता. माझ्या घड्याळात १०.२६ किलोमीटर आले. सरासरी पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागलेली वेळ, ५:५५ दाखवतंय, म्हणजे दहा किलोमीटरला ५९ मिनिटं १० सेकंद व्हायला हवी होती. निकालात १:००:४१ आलंय. चार महिन्यांची मेहनत २६० मीटरने घालवली.

बी-४०२ काका : तक्रार लिहायच्या आधी ऐक. मार्ग मोजला आहे असं त्यांनी जाहीर केलेलं होतं. मोजतात कसा? सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावतात, ती सायकल आधी मोजून ठेवलेल्या अंतरावर तपासून घेतात, आणि मग धावणारा जाऊ शकेल अशा सगळ्यात जवळच्या रेषेवरून चालवतात. वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून. त्यात मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात. म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर. उरलेले अडीचशे मीटर तुझे आणि घड्याळाचे.

बी-६०१ : माझे कसे?

बी-४०२ काका : तू पुढच्यांना ओलांडत डावी-उजवी करत गेलास ना? वळणावर बाहेरून गेलास ना? यू-टर्नला आतल्या रेषेपेक्षा तीन मीटर बाहेरून वळलं की नऊ मीटर वाढतात, तेही प्रत्येक यू-टर्नला. आणि जीपीएस उंच इमारतींमध्ये, झाडांखाली स्वतःच भरकटतं. म्हणून पेससाठी रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे फलक बघायचे, तिथे हाताने घड्याळाचं लॅपचं बटण दाबायचं, म्हणजे त्या किलोमीटरची वेळ कळते. घड्याळ ५:५५ म्हणतं तेव्हा तू खरा ६:०४ ने पळत असतोस.

बी-६०१ : हे आधी सांगायचं ना काका.

बी-४०२ काका : तू पंखांवर भांडत होतास.

सी-२०५ ताई : 😂😂

बी-६०१ : बरं, पण दोन वेळा का छापल्यात? एक १:००:४१, दुसरी १:०३:२०. दुसरी बघून बायको विचारतेय, खरी कुठली?

बी-४०२ काका : दुसरी गन टाइम, इशारा झाल्यापासूनची. शर्यत जिंकणाऱ्यांचा क्रम त्यावरच लागतो, म्हणजे पहिला रेषेवर पोचेल तो पहिला. नाहीतर मागून निघालेला कोणी चिपच्या हिशोबाने जिंकला असं नंतर कळेल आणि समोरासमोर चढाओढ कसली उरेल? तुझ्या-माझ्यासारख्यांनी चिपची सांगावी.

बी-१०३ आजोबा : माझा १:४८. चालत. ओळीने तीन बाबागाड्या मला ओलांडून गेल्या.

सी-२०५ ताई : आजोबा, तुमचे फोटो आलेत साइटवर, नंबर टाकून सापडले. आमचा एकही सापडत नाहीये.

बी-४०२ काका : पट्टे बिबवरून घेतलेत का?

सी-२०५ ताई : एकीचे घसरून आले होते. बाकी तिघींचे बिब चांदण्यांच्या झिरमिळ्यांनी झाकले. आता हजारो फोटो एकेक करून बघतोय. पांढरे पंख लावलेल्या बायका कोणाला दिसल्या तर लिंक टाका.

बी-६०१ : सातव्या किलोमीटरच्या फोटोत माझ्या मागे दोन आहेत. पाठवतो.