जाळी नाही, कोपरा ढिला पडतो

"दर सहा फुटांवर खांब रोवला की जाळी ढिली पडत नाही" असं गुरांच्या जाळीच्या कुंपणाबद्दल सांगतात, पण आमच्या काळ्या रानात ते टिकलं नाही. सगळा ताण कोपऱ्याच्या खांबावर येतो. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात अन् खांब आत कलतो. दुसऱ्या खेपेला खड्डा तीन फूट घेतला, मुरूम ठासला, दोन्ही कुंपणांच्या रेषेत तिरपे टेकू दिले. मग कुठं तारेनं ताण धरला.

अन् जाळी खांबाच्या आतून, जनावरांच्या बाजूनं बांधा. आमचा देवणी वळू मान घासायला लागला की बाहेरून बांधलेल्या जाळीच्या तारा पटापट तुटायच्या. आतून बांधल्यावर त्याचा जोर खांबावर जातो. (रस्त्यावरून बाहेरची जाळी दिसते छान, हे मान्य.)