मदत हवी आहे: कॉलेज ग्रंथालयासाठी आरएफआयडी गेट आणि किऑस्क

नमस्कार मंडळी. रत्नागिरीतल्या कॉलेजच्या ग्रंथालयासाठी स्वयं-देवघेव किऑस्क आणि दाराशी सुरक्षा गेट घ्यायचं आहे, दोन्ही आरएफआयडीवर चालणारी, म्हणजे पुस्तकात चिकटवलेला टॅग रेडिओलहरींनी वाचणारी. पुस्तकं 28 हजार, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर कोहा, खरेदी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून.

टॅग 13.56 मेगाहर्ट्झचे एचएफच (जवळूनच वाचले जाणारे) घ्यावेत असं ठरतंय. यूएचएफ (त्याहून जास्त फ्रिक्वेन्सीचं) लांबून वाचतं खरं, पण मग शेजारच्या टेबलावरची पुस्तकंही मुलाच्या नावावर चढू शकतात. निविदेत आयएसओ 15693 (टॅग आणि रीडरमधल्या संवादाचं मानक) आणि 28560 (टॅगवर ग्रंथालयाची माहिती कशी मांडायची त्याचं मानक) दोन्ही घालतोय. फक्त पहिलं लिहिलं तर टॅगवरची माहिती एकाच पुरवठादाराच्या मांडणीत अडकते. कोहाशी जोडणी सिप-2ने (किऑस्क आणि ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर यांच्यातल्या संवादाची ठरलेली पद्धत). गेटने सर्व्हरला न विचारता टॅगवरचा एएफआय (पुस्तक रीतसर दिलंय की नाही हे दाखवणारा कोड) तपासावा, म्हणजे वादळवाऱ्यात नेट गेलं तरी ते वाजेल.

खरी अडचण जागेची. दाराला लोखंडी सरकतं ग्रिल आहे, गेटपासून जेमतेम हातभर. धातूमुळे अँटेनाचं ट्यूनिंग बिघडतं आणि मधोमध नेलेलं पुस्तक निसटतं. ग्रिलपासून तुम्ही किती अंतर ठेवलंत?

दुसरं, पावसाळ्यात पुठ्ठे सादळून टॅगचे कोपरे उचलतात. कुठला गोंद दोन पावसाळे टिकला? आणि खाऱ्या हवेसाठी गेटच्या सर्किटवर संरक्षक लेप हवा, ही अट कुणी निविदेत घातली असेल तर तिचे नेमके शब्द कृपया इथे टाका.