दुधाच्या टाकीला तापमापक बसवायचा, तर चेकनट की वेल्डिंग?

धागाकर्ता, अमळनेर

पनीर आणि दही करणाऱ्या लहान व्यावसायिकांनी स्टीलच्या टाकीला कायमचा तापमापक बसवून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. जंतू मारण्यासाठी दूध 63 अंश सेल्सियसवर सलग 30 मिनिटे राखायचे असेल, तर वरून अधूनमधून तापमापी बुडवून पाहणे पुरत नाही. प्रश्न आहे तो बसवण्याच्या पद्धतीचा. एकेरी पत्र्याच्या टाकीला वेल्डिंग करू नये, या मताचा मी आहे. पातळ पत्रा उष्णतेने वाकतो आणि आतल्या बाजूला आर्गन वायू न सोडता वेल्डिंग केले, तर तिथे काळपट, खडबडीत थर उरतो. त्यापेक्षा स्टेप ड्रिलने भोक पाडावे, कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात आणि तापमापक धरणारे अर्धा इंची फिटिंग चेकनटने, म्हणजे पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने बसणाऱ्या नटने, आवळावे. सिलिकॉनची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, दुधाच्या बाजूला खाचेत बसवली की दूध आट्यांपर्यंत पोहोचत नाही. सरळ आट्यांवर टेफ्लॉन टेपचे कितीही वेढे दिले तरी भरवसा नाही, कारण टेपचा उपयोग निमुळत्या आट्यांत होतो. इथे गळती थांबवते ती रिंगच.

प्रतिसाद, धुळे

भाऊ, आपण गळतीचा विचार नीट केला आहे, पण गळत नाही म्हणजे जोड चांगला, एवढ्यावर दुधाच्या कामात थांबता येत नाही. रिंग आणि पत्रा यांच्यामधल्या बारीक फटीत दुधाचा अंश अडकतो, तो ब्रशने निघत नाही, आणि पुढच्या घाण्यात तिथूनच जंतू येतात. जी गळती बाहेर ठिबकते ती निदान दिसते. ही फट कोणालाच दिसत नाही. म्हणून एका टोकाला बंद असलेली स्टीलची नळी, म्हणजे थर्मोवेल, टिग पद्धतीने (आर्गनच्या आवरणात, टंगस्टनच्या टोकाने) टाकीला वेल्ड करून घ्यावी, आतून आर्गन सोडण्याचा आग्रह धरावा आणि जोड पॉलिश करून घ्यावा. पीटी-100 सेन्सर, म्हणजे प्लॅटिनमच्या विद्युतरोधावरून तापमान मोजणारा तापमापक, त्या नळीत बाहेरून सरकवायचा. सेन्सर बिघडला तरी टाकी रिकामी करावी लागत नाही, आणि झिजणारी रिंगच उरत नाही. दुहेरी भिंतीच्या, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी असलेल्या, टाकीला तर आपली चेकनटची पद्धत चालणारच नाही, कारण भोक दोन्ही पत्र्यांतून जाते आणि मधल्या पाण्यासाठी आरपार बाही वेल्ड करावीच लागते.

धागाकर्ता, अमळनेर

दुहेरी भिंतीबाबत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. एकेरी टाकीबाबत मात्र नाही. नळीच्या आत हवा राहिली की सेन्सर मागे पडतो. दूध झपाट्याने तापत असताना आकडा उशिरा दिसला, तर पनीरचा पोत बिघडतो. शिवाय माझे फिटिंग धुण्यासाठी उघडता येते. ज्याला रोज उघडून धुवायचे नाही, त्याने ते बसवू नये, हे मीही सांगेन.

प्रतिसाद, चाळीसगाव

दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते आहे. अर्ध्या इंचाच्या बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आणि एनपीटी (अमेरिकन मापाच्या) या दोन्ही आट्यांत इंचाला 14 आटे असतात, पण एकाचा कोन 55 अंशांचा आणि दुसऱ्याचा 60 अंशांचा असतो. त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर सुरुवातीला सहज फिरतो, मग अडकतो आणि गळतो; दुकानदार मात्र दोन्हीला अर्धा इंचच म्हणतो. फिटिंग आणि नट एकाच दुकानातून, एकमेकांवर शेवटपर्यंत फिरवून पाहूनच घ्यावेत. दुसरे असे की सेन्सरची लांबी त्याच्या जाडीच्या निदान दहापट तरी दुधात हवी, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीला 60 मिलिमीटर. नाहीतर तो दुधाचे नव्हे, तापलेल्या पत्र्याचे तापमान दाखवेल.

प्रतिसाद, धुळे

सेन्सर मागे पडण्याची अडचण उष्णतावाहक पेस्टने बरीच कमी होते. 30 मिनिटांच्या कामात काही सेकंदांचा फरक मोठा नाही. पनीरसाठी तो मोठा ठरू शकतो, एवढे मी मान्य करतो. पद्धत कोणतीही असो, टाकी पाण्याने भरून 80 अंशांपर्यंत तापवावी, मग रात्रभर थंड होऊ द्यावी आणि जोडाखाली कोरडा कागद ठेवावा, कारण गरम असताना घट्ट वाटणारा जोड पत्रा आकसल्यावर ठिबकू शकतो. चेकनटचा जोड त्यानंतर एकदा पुन्हा आवळावा, पण रिंग खाचेबाहेर दाबली जाईल इतका नव्हे.