मनात राग असताना डबा द्यायचा का? (ख्रिस्ती म्हणून विचारतेय)

गावभागची_सून:
जय ख्रिस्त सगळ्यांना. आम्ही सांगलीत गावभागात तळमजल्याला राहतो, वर एक काका-काकू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. उंबऱ्याला पाणी लागलं तसं आम्ही गाद्या, धान्याचे डबे, पोरांची दप्तरं घेऊन जिन्यात गेलो तर वरचं दार आतून बंद. हाका मारल्या, कडी वाजवली, शेवटी काका खिडकीतून म्हणाले आमच्याकडंच जागा नाही. बोट येईपर्यंत सासूबाईंना घेऊन जिन्यात बसून राहिलो. सामान गेलं ते जाऊ दे, पण ते दार काय डोक्यातनं जात नाही. तेव्हापासून बोलणं जेवढ्यास तेवढं.

आता काका पडले, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेला ऑपरेशन झालंय आणि मुलगा परदेशात. काकू परवा खाली आल्या, एकवेळचा डबा जमेल का गं म्हणाल्या, मी हो म्हणून बसले. देतेय, पण भाकरी थापताना हात जरा जोरातच पडतो परातीत. चर्चमध्ये निरपेक्ष प्रीती करा म्हणून दर रविवारी ऐकायचं आणि इकडं हे असं. आतून काहीच वाटत नसताना डबा देणं हे ढोंग नाही का? खरं सांगा, गोड गोड नको.

मिरजकर_आजोबा:
सूनबाई, ढोंग कसलं त्यात. बायबलातल्या निर्गमचा २३ वा अध्याय काढून बघा. वैऱ्याचा बैल किंवा गाढव चुकलेलं दिसलं तर त्याच्याकडं परत नेऊन सोड, आणि तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलं असेल तर तसाच पुढं जाऊ नको, त्याला हात दे. तिथं आधी मन साफ कर मग गाढव उचल असं कुठंच म्हटलेलं नाही. जनावर उन्हात पडलंय, ते उठवायचं, बस. आमची मंडळी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती, डॉ. वॉनलेसनी १८९४ साली सुरू केलेलं ते. ती म्हणायची शिव्या घालणारा पेशंट कुणाला आवडतो हो, पण त्याचं ड्रेसिंग बाकीच्यांसारखंच नीट व्हायला पाहिजे. तुमचा डबा वेळेवर जातोय ना, भाकरी कच्ची नाही ना, मग झालं की. राग निवळेल तेव्हा निवळेल.

चिडका_बिब्बा:
आजोबा तुमचा मान राखून बोलतो पण हेच चुकतंय आपलं. ख्रिस्ती म्हणजे काय पायपुसणं का? म्हाताऱ्या बाईला जिन्यात बसवलं त्यांनी, साधं सॉरी नाही, आणि आता गरज लागली की ही आठवली. उद्या पूर आला तर परत दार लावतील. ताई डबा द्या नका देऊ तुमची मर्जी, पण ह्याला प्रीती म्हणून वर हार घालू नका, ह्याला गैरफायदा घेणं म्हणतात.

साताऱ्याची_माई:
बिब्ब्या तुझं अर्धं बरोबर आहे रे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे लेवीय १९ मधल्या १८ व्या ओवीत आहे, सगळ्यांना पाठ असतं. पण १७ वी कुणी वाचत नाही. मनातल्या मनात भावाचा द्वेष धरू नको, शेजाऱ्याला त्याची चूक दाखव, असं तिथं आधीच सांगितलंय. म्हणजे तोंडावर बोलणं हे पण त्या प्रीतीतच आलं. आणि योहान १८ मध्ये शिपायानं येशूला चपराक मारली तर तो गप्प बसला नाही, मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, नाहीतर का मारतोस, असं विचारलं की त्याला.

तेव्हा सूनबाई, डबा चालू ठेव आणि दाराचं बोल. आत्ता नको, माणूस पलंगावर पडलाय, काय उत्तर देणार. घरी येऊन काठीवर चालायला लागू दे, मग शांतपणे म्हण की काका त्या दिवशी फार लागलं आम्हाला, आणि पावसाळ्याआधी जिन्याच्या दाराची एक किल्ली खाली आमच्याकडं पाहिजे. मागायला लाजू नको. ते नाही म्हणाले तरी डबा बंद करायचा नाही, त्यालाच निरपेक्ष म्हणायचं, नाहीतर तो किल्लीचा हप्ता झाला.

आणि सगळा भार एकटीनं उचलू नको. लूक १० मधला शोमरोनी बघ, वाटेत लुटून टाकलेल्या अनोळखी माणसाच्या जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर घालून उतारशाळेत नेलं, रात्रभर बघितलं, दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन जास्त लागले तर परत आल्यावर देतो म्हणून आपल्या वाटेनं गेला. उशाशी बसून राहिला नाही. चर्चच्या महिला मंडळाला सांग, वार वाटून घ्या.

कृष्णाकाठ:
मी ख्रिस्ती नाही, राग मानू नका पण विचारतो. डब्याबरोबर पत्रक वगैरे पण जातं का? असल्या सेवेमागं धर्मांतर असतं असं आमच्या ग्रुपवर सारखं फिरत असतं.

साताऱ्याची_माई:
विचारलंस ते बरं केलंस. डब्यात भाकरी आणि आमटी, बाकी काही घालायचं नाही, घातलं तर ती प्रीती नव्हे, आमिष झालं. आमच्या साताऱ्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये देवाचा दरबार म्हणून येशूच्या भक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही चालायचे. स्वतः टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००, मधली वर्षं बाईंनी स्वतःच्या मनाला पटेपर्यंत घेतली. पटायचं ते असं पटतं, आमटीच्या वाटीनं नाही.

चिडका_बिब्बा:
किल्लीचं पटलं. ते दोन दिनारचं पण.

गावभागची_सून:
आभार सगळ्यांचे. १७ वी ओवी आत्ता वाचली, इतक्या वर्षांत नजर कशी गेली नाही देव जाणे. महिला मंडळातल्या दोघींना फोन केला, मंगळवार आणि शुक्रवार सुटले माझे. काकांशी घरी आल्यावर बोलते. राग आहे अजून, नाही म्हणत नाही. मिरजेला दुपारी बारापर्यंत डबा पोचवायचं तेवढं अवघड जातंय, पोरांची शाळा सुटायची वेळ तीच.

कृष्णाकाठ:
मी रोज साडेदहाला गाडीवर मिरजेला जातो. वॉर्ड मेसेज करा, नेऊन देतो. आमटीचं झाकण तेवढं घट्ट लावा.