अँजिओप्लास्टीत फिल्टर सगळ्यांनाच का लावत नाहीत?

चौकस_पुतण्या: काकांना अटॅक आला, लगेच अँजिओप्लास्टी, स्टेंट मस्त बसला, स्क्रीनवर रक्तवाहिनी मोकळी दिसतेय आणि तरी पुढे रक्तच जाईना. डॉक्टर म्हणाले फुगा फुगवताना ब्लॉकेजचा चुरा सुटला आणि खालच्या बारीक वाहिन्यांत जाऊन बसला. आत औषधं सोडून निभावलं. पण छत्रीसारखा फिल्टर मिळतो ना, ब्लॉकच्या पुढे उघडायचा, चुरा अडकला की मिटून बाहेर? २००२च्या सेफर ट्रायलमध्ये ३० दिवसांतले मोठे त्रास १६.५ टक्क्यांवरून ९.६ वर आले. मग कंजुषी कशाला? माझं मत, सक्तीच करा.

कॅथलॅबवाला: थांबा जरा. एक तर सेफरमध्ये फिल्टर नव्हताच, पुढे फुगा फुगवून रक्त अडवायचे आणि साठलेला कचरा ओढून घ्यायचे. दुसरं, ते सगळे ८०१ पेशंट बायपासवाले, पायाची शीर काढून जोडलेली, ती जुनी झाली की आतला माल भुसभुशीत होतो, हात लावला की सुटतो. तिथे फिल्टर लावा, माझी ना नाही. काकांचं ब्लॉकेज ग्राफ्टमध्ये, म्हणजे अशा जोडलेल्या शिरेत होतं की मूळ वाहिनीत?

चौकस_पुतण्या: मूळ. बायपास झालेलीच नाही. पण चुरा तो चुराच ना!

कॅथलॅबवाला: २००५ ची एमराल्ड ट्रायल वाचा. अटॅकचे ५०१ पेशंट, तोच फुगा, ७३ टक्के जणांत डोळ्यांना दिसेल असा कचरा निघाला आणि तरी हृदयाचा मेलेला भाग दोन्हीकडे सारखाच. शिवाय फिल्टरला टेकायला ब्लॉकच्या पुढे चांगली सरळ जागा लागते, मध्येच फाटा फुटला तर चुरा तिकडे पळतो, आणि तो फिल्टर आत ढकलतानाच चुरा सुटू शकतो हे कोणी बोलतच नाही.

रात्रपाळी: मग सक्शन तरी करा की, नळीने गुठळी ओढून घ्यायची. तापास ट्रायल, २००८, १०७१ पेशंट, वर्षभरात हृदयाने झालेले मृत्यू ६.७ वरून ३.६ टक्के. मी स्वतः सिरिंजमधलं रक्त जाळीत ओतल्यावर भाताच्या शितापेक्षा मोठी गुठळी बघितलीय, ती आत राहिली असती तर?

कॅथलॅबवाला: मीही बघितल्यात, आणि तेव्हा लॅबमध्ये सगळ्यांचे चेहरे खुलतात हेही खरं. पण नंतर टेस्ट (TASTE) नावाची ट्रायल आली, ७२४४ पेशंट, मृत्यूत फरक नाही. मग २०१५ ला टोटल नावाची ट्रायल, १०,७३२ पेशंट, फायदा नाहीच, उलट महिन्याभरात स्ट्रोक ०.३ ऐवजी ०.७ टक्के. ओढून बाहेर काढताना गुठळी निसटून मेंदूकडे जात असावी. म्हणून सरसकट सक्शन बंद झालं, मोठी गुठळी दिसली किंवा रक्त अडलं तरच.

रात्रपाळी: "तरच" म्हणजे डॉक्टरच्या नजरेवर. गुठळी गच्च भरलेल्यांचा सरसकट निकाल लावू नका, एवढंच म्हणतेय.

चौकस_पुतण्या: माझं ते ७३ टक्क्यांवर अडलंय. कचरा निघाला आणि फायदा शून्य?

कॅथलॅबवाला: कारण पेशंट टेबलावर येईपर्यंत तासन्‌तास वाहिनी बंद असते. स्नायू तोवर मेलेला, बारीक वाहिन्या आतून सुजलेल्या. रक्त न जाण्याचं कारण प्रत्येक वेळी चुराच असतो असं नाही. काकांना दुखायला लागल्यापासून किती वेळाने नेलं होतं?

चौकस_पुतण्या: सहा तास. अ‍ॅसिडिटी समजत होते.