कोरियातला महाभियोग: तुम्ही तेव्हा तिथे होतात का? अनुभव लिहा

हानकाठची

नमस्कार मंडळी. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष यून सुक-येओल ४ एप्रिल २०२५ ला पदावरून गेले, जूनमधे नवे अध्यक्षही आले, पण भारतात सुट्टीला गेलं की अजून प्रत्येकजण "अगं तुमच्याकडे लष्कर आलं होतं ना" एवढंच विचारतो. मार्शल लॉची ती एक रात्र सगळ्यांना माहितीये. इथे राहणाऱ्यांना मात्र हे पण माहितीये की लोक त्याच्या कितीतरी आधीपासून धुमसत होते. सोलच्या इतेवॉन भागातल्या चेंगराचेंगरीत १५९ जणं गेली आणि गृहमंत्री खुर्चीवर तसेच, मग यूनच्या बायकोने भेट घेतलेली ती डिओरची महागडी बॅग, मग डॉक्टर लोक, मग महागाई, एक संपलं की दुसरं तयार. मला तेच ऐकायचंय, तुमच्या आजूबाजूची माणसं नक्की कशाला वैतागली होती आणि तुम्ही स्वतः काय पाहिलंत. बातम्यांच्या लिंका नकोत. आणि हात जोडून विनंती, आपल्याकडचं राजकारण इथे आणू नका, नाहीतर दोनशे प्रतिसाद होतील आणि अनुभव एकही नसेल.

सुवॉनवासी

मीच सुरुवात करतो. ३ डिसेंबर २०२४ ला मंगळवार होता, रात्रीचे अकरा वाजत आलेले, मी झोपायच्या बेतात, आणि नागपूरहून आईचा फोन. म्हणे टीव्हीवर पट्टी फिरतेय, तुमच्याकडे मार्शल लॉ लागला, तू घरात आहेस ना. मी म्हणलं आई ते उत्तर कोरिया असेल, तुम्ही लोक नेहमी घोळ करता. मग फोन उघडला तर ऑफिसच्या ग्रूपवर तीनशे मेसेज.

आता गंमत बघा. या देशात थंडीची लाट आली की फोन किंचाळतो, रस्त्यावर बर्फ आहे, किंचाळतो, शेजारच्या वॉर्डातले कुणाचे तरी आजोबा निळं जॅकेट घालून हरवलेत, किंचाळतो. आणि १० वाजून २७ मिनिटांनी राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर येऊन लष्करी कायदा लावतो त्याचा एक मेसेज नाही. दुसऱ्या दिवशी कँटीनमधे लोक सगळ्यात जास्त यावरच चिडलेले. हेलिकॉप्टर वगैरे नंतर, आधी "आजोबा हरवल्याचं कळवता आणि हे नाही?"

खाली दुकानात पाणी आणि रामेन घ्यायला गेलो तर रांग होती पण आरडाओरडा नाही, सगळे मोबाईलमधे मान घालून. संसदेचे सभापती वू वॉन-शिक, वय ६७, कुंपणावरून चढून आत गेले. एकच्या सुमारास १९० खासदार हजर, १९० मतं, मार्शल लॉ उठवा म्हणून. मंत्रिमंडळाने तो मागे घेईपर्यंत साडेचार झाले. आणि सकाळी नऊला आमचा टीम लीडर डोळे लाल करून हजर, मीटिंग वेळेवर सुरू. हे लोक खरंच वेगळ्या मातीचे आहेत.

मला बसलेला फटका म्हणजे त्याच आठवड्यात नाशिकच्या फ्लॅटचा हप्ता पाठवायचा होता आणि त्या रात्री डॉलरमागे वॉन १४४० च्या पार गेलेला. कुणाच्या डोक्यात काय येतं आणि हप्ता कुणाचा वाढतो.

पातीची_भाजी

मी बुंदांगला असते, दोन मुलं, नवरा ऑफिसात, त्यामुळे माझं राजकारण भाजीच्या दुकानात सुरू होतं आणि तिथेच संपतं. २०२४ च्या मार्चमधे यूनसाहेब सोलच्या एका मार्टमधे गेले, हिरव्या पातीची जुडी उचलली, ८७५ वॉन, आणि म्हणाले की हा भाव रास्त वाटतो. सरकारी अनुदान आणि सवलती सगळं धरून तो भाव होता हो! आमच्या इथे त्याच आठवड्यात तीच जुडी तीन हजारांच्या वर. सफरचंदं तर मार्चमधे आदल्या वर्षीपेक्षा ८८ टक्क्यांनी महाग, एकेक विकत घ्यायची वेळ आलेली, मी मुलांना केळी खा म्हणून सांगत होते.

आमच्या बिल्डिंगमधल्या आजुम्मा (म्हणजे काकू), ज्या लिफ्टमधे हवामान सोडून एक शब्द बोलत नाहीत, त्या माझ्या पिशवीतून बाहेर आलेली पात बघून म्हणाल्या, "कितीला मिळाली? ८७५ ला?" आणि आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यापासून अकराव्यापर्यंत खिदळत होतो. नंतर एप्रिलमधे संसदेच्या निवडणुकीत लोक पात घेऊन मतदानाला जायला लागले, शेवटी निवडणूक आयोगाला सांगावं लागलं की मतदान केंद्रात पात आणायची नाही. मग काय, पातीचं चित्र असलेल्या पिशव्या, डोक्याला पातीचे हेअरबँड. ३०० पैकी सत्ताधारी पक्ष १०८ वर आला. कांद्याने रडवलेली सरकारं आपण पाहिलीत, इथे नुसत्या पातीने काम झालं.

पण हसण्यावारी न्यायची नाही ती गोष्ट दुसरी. सरकारने मेडिकलच्या ३०५८ जागा होत्या त्यात एकदम २००० वाढवायच्या ठरवल्या, फेब्रुवारीत शिकाऊ डॉक्टरांनी राजीनामे टाकले, आणि मोठी हॉस्पिटलं अर्धी रिकामी. धाकट्याला मे महिन्यात रात्री ताप चढला, झटका आला, आम्ही गाडीत आणि नवरा एकामागून एक इमर्जन्सीला फोन करतोय, "बालरोगतज्ञ नाहीत, दुसरीकडे बघा." चौथ्या ठिकाणी घेतलं. पोरगा बरा आहे. डॉक्टरांचं बरोबर की सरकारचं यावर माझं आणि नवऱ्याचं अजून जमत नाही, पण महिनोन्महिने कुणीच एक पाऊल मागे घेत नाही याचा राग दोघांनाही होता. आणि त्या रात्रीच्या लष्करी फर्मानात पण ओळ होतीच, डॉक्टरांनी ४८ तासांत कामावर या नाहीतर बघून घेऊ. आमच्या आजुम्मा म्हणाल्या, हा माणूस भांडण विसरत नाही.

नुसती_वाचक

मस्त धागा. एक बेसिक प्रश्न, महाभियोग संसदेत पास झाल्यावर पण ते चार महिने अध्यक्ष कसे काय राहिले?

हानकाठची

अध्यक्ष नावापुरते, अधिकार त्याच दिवशी गोठतात. ३०० पैकी २०० मतं लागतात, १४ डिसेंबरला २०४ पडली. मग प्रकरण संविधान न्यायालयात, तिथे किमान सहा न्यायाधीश बाजूने हवेत. कोर्टात मुळात नऊ खुर्च्या, पण तेव्हा तीन रिकाम्या, त्या भरण्यावरून वेगळी मारामारी, शेवटी आठ झाले. १११ दिवस लागले. आधीच्या अध्यक्ष पार्क ग्युन-हे, त्या पार्कबाईंचा महाभियोगाचा निकाल २०१७ ला तीन महिन्यांत लागलेला त्यामुळे मार्चमधे लोकांचा धीर अगदी सुटत चालला होता, दर गुरुवारी अफवा "उद्या निकाल". काढलं की ६० दिवसांत निवडणूक.

ठाणेकरीण

मी तेव्हा सोलमधे कोरियन भाषा शिकत होते. आधीच सांगते, मी मोर्चात "सामील" नव्हते, परदेशी माणसाने इथल्या राजकारणात पडायचं नाही असं इमिग्रेशनच्या कायद्यातच आहे आणि आमच्या वर्गात बाईंनी दोनदा बजावलेलं. मी आपली संसद आहे त्या योइदो भागात फुटपाथवर कॉफी पीत उभी होते, आता फुटपाथच भरून वाहत होता त्याला मी काय करणार.

७ डिसेंबरला महाभियोगाचं पहिलं मतदान होतं, तेव्हा पण गेले होते. त्या दिवशी सत्ताधारी खासदार उठून निघून गेले, तिघं सोडून. १९५ मतं पडली, पेटी उघडलीच नाही. त्याआधी यूनच्या बायकोच्या चौकशीचं विधेयक दोन मतांनी पडलेलं. आत विरोधी पक्षाचा नेता निघून गेलेल्या एकेकाचं नाव मोठ्याने वाचत होता, परत या म्हणून, आणि बाहेर स्क्रीनवर ते बघत लाखभर लोक तीच नावं ओरडत होते. माझ्या शेजारी एक मुलगी, विशीतली, हातात तिच्या लाडक्या बँडची लाइटस्टिक (चमकणारी कांडी), नाव ओरडता ओरडता ढसाढसा रडायला लागली आणि तिच्या शेजारच्या अनोळखी काकांनी तिला गरम पॅक दिला खिशातला.

१४ ला मात्र जत्रा. प्रत्येक ग्रूपची वेगळी लाइटस्टिक, गर्ल्स जनरेशन या बँडचं २००७ चं गाणं, ज्याचा मोर्चाशी काही संबंध नाही, ते पाठ सगळ्यांना. आजूबाजूच्या कॅफेत लोकांनी आधीच पैसे भरून ठेवलेले, जाऊन सांगायचं की अमक्याच्या नावाची कॉफी, की मिळते. कुणी परदेशातून भरलेले. मी घेतली नाही, लाज वाटली, पण काउंटरवरच्या दादाने विचारलं कुठली, म्हणलं इंडिया, तर म्हणाला थंडी इंडियाला पण वाजते ना, घे. घेतली. पाचच्या सुमारास निकाल आला तेव्हा जो आवाज झाला तो मी आईला व्हिडिओ कॉलवर ऐकवला, तिला वाटलं क्रिकेट.

त्या मुली नंतर जानेवारीत हान्नामदोंगला, यूनच्या निवासस्थानाबाहेर, बर्फात रात्रभर चंदेरी फॉइल गुंडाळून बसल्या होत्या ते फोटो तुम्ही पाहिले असतील. मी तिथे नव्हते, मला उणे तापमानात दहा मिनिटं बसवत नाही.

रंकाळ्याचा_पोस्टडॉक

कोल्हापूरकर इथं लै आहेत भावानो, शिवाजी विद्यापीठातनं मटेरियल सायन्स केलं की निम्मी पोरं कोरियात, आमच्या ग्वांगजूच्या लॅबमधीच तिघं होतो, रविवारी तांबडा पांढरा ठरलेला. तर आमचा राग वेगळा. यूनसाहेबांनी २०२३ ला ठरवलं की संशोधनाचा पैसा कुठल्यातरी टोळीच्या घशात चाललाय, आणि बजेटच कापलं. ३१.१ ट्रिलियन वॉनचं २६.५ झालं. टोळी कोण ते काय कळलं नाही पण आमच्या प्रोफेसरचं प्रोजेक्ट अर्ध्यावर आलं, माझ्या दोस्ताचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही, बायको गरोदर, व्हिसा संपत आलेला, पोरगं सहा आठवड्यांत सगळं गुंडाळून परत गेलं. २०२४ च्या फेब्रुवारीत डेजॉनला काईस्ट या विज्ञान संस्थेच्या पदवीदान समारंभात यूनसाहेबांच्या भाषणात एक जण उठून म्हणाला, संशोधनाचं बजेट परत द्या, तर पदवीचा झगा घातलेल्या सुरक्षावाल्यांनी तोंड दाबून उचलून बाहेर काढला त्याला. तो व्हिडिओ आमच्या लॅबमधी किती वेळा बघितला असंल देव जाणे. प्रोफेसर एरवी राजकारणावर चकार शब्द काढत नाहीत, त्या दिवशी म्हणाले "मी पण उठलो असतो."

आणि ग्वांगजू म्हणल्यावर १९८० आलंच. आमच्याकडं उपकरणं सांभाळणारे एक आजोशी (काका) आहेत, मे १९८० ला शाळकरी होते, इथं लष्कराने निदर्शकांना गोळ्या घातल्या तेव्हा. ३ डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, मशीन चालू केलं, लॉगबुकात सही केली आणि दुपारी तीनला कधी नाही ते सुट्टी टाकून जुन्या प्रांत कार्यालयाच्या चौकात गेले, जिथं तेव्हा सगळं घडलं तिथंच. नव्या पोरांना हे सगळं मोबाईलवर घडत होतं, त्यांना नाही. आम्ही काही विचारलं नाही.

जुना_सोलकर

मी २०१५ ते १८ सोलमधे, आता पुण्यात. तुमच्या वेळची मजा वाचून हेवा वाटला, आमच्या वेळी साध्या मेणबत्त्या होत्या. २४ ऑक्टोबर २०१६ ला एका चॅनलने दाखवलं की तेव्हाच्या अध्यक्ष पार्क ग्युन-हे यांची भाषणं त्यांची मैत्रीण चोई सुन-सिल सुधारून देते, जिच्याकडे कुठलंही पद नाही. झालं. दर शनिवारी सोलच्या ग्वांगह्वामुन चौकात मोर्चा. पण ऑफिसातल्या पोरांचा खरा संताप चोईच्या मुलीवर, घोडेस्वारीच्या जोरावर नामांकित कॉलेजात प्रवेश आणि वर "पैसा पण गुणवत्ताच आहे, आपल्या आईबापांना दोष द्या" असं तिने लिहून ठेवलेलं. माझ्या बाजूला बसणाऱ्या मुलाने तीन वर्षं प्रवेश परीक्षेत काढलेली, त्याला हे वाक्य किती झोंबलं असेल बघा, तो अध्यक्षांबद्दल कमी आणि घोड्याबद्दल जास्त बोलायचा. २०१४ ला बुडालेल्या सेवॉल बोटीत ३०४ जीव गेले ती धग होतीच आधीपासून, त्या दिवशी सात तास बाई कुठे होत्या याचं धड उत्तर कुणाला मिळालं नव्हतं.

एक खासदार म्हणाले मेणबत्त्या काय, वारा आला की विझतील. पुढच्या शनिवारी लोक बॅटरीवरच्या मेणबत्त्या घेऊन हजर! तुमच्या लाइटस्टिकची आजी ती. लोकप्रियता ४ टक्के, संसदेत २३४ मतं. १० मार्च २०१७ ला निकाल द्यायला निघालेल्या न्यायाधीश बाई घाईत केसांतले गुलाबी रोलर काढायला विसरल्या आणि तशाच कोर्टात शिरल्या, आमच्या ऑफिसातल्या बायकांना निकालाइतकंच ते आवडलं.

आणि सगळ्यात भारी भाग राहिलाच की. पार्कबाईंच्या चौकशीच्या पथकात पुढे असलेला सरकारी वकील कोण? यून सुक-येओल. त्यावरच नाव झालं त्यांचं. यावर मी काय बोलणार.

डेगूची_सून

सगळे एका बाजूचंच लिहितायत म्हणून लिहितेय. नवरा कोरियन, सासर डेगूचं, सासरे आयुष्यभर कापड गिरणीत, आणि पक्के यूनवाले. मला ते प्रेमाने वागवतात त्यामुळे कृपया कुणी त्यांना मूर्ख म्हणू नका.

त्यांचा राग पण खराच होता, फक्त दिशा वेगळी. विरोधी पक्षाने ऊठसूट महाभियोग लावले, मंत्री, सरकारी वकील, नंतर काळजीवाहू अध्यक्ष झालेले पंतप्रधानसुद्धा (ते मार्चमधे कोर्टाने परत बसवले), बजेट कापलं, आणि त्यांच्या नेत्यावर, ली जे-म्युंगवर, स्वतःवरच एवढे खटले. "मग हा माणूस काय करणार होता?" मी म्हणायचे, बाबा, पण सैन्य? तर गप्प. मग यूट्यूब. निवडणुकीत घोटाळा झाला, आयोगाच्या ऑफिसात सैन्य पाठवलं ते पुरावे शोधायला, हे ते इतक्या शांतपणे सांगायचे की वाद घालायलाच जागा नाही.

जानेवारीत सोल्लालला, म्हणजे इथल्या नववर्षाला, आम्ही सगळे जमलो, यूनना अटक होऊन दोन आठवडे झालेले. सासूबाईंनी आधीच जाहीर केलं, त्तोकगुक (सणाचं तांदळाच्या केकचं सूप) संपेपर्यंत जो राजकारण काढेल तो भांडी घासेल. नवरा आणि दीर एका बाजूला, सासरे दुसऱ्या, सगळे खाली मान घालून सूप पितायत, आणि माझी सहा वर्षांची मुलगी म्हणते, आजोबा, अध्यक्षांना जेलमधे पण त्तोकगुक देतात का? सासरे हसले. तरी भांडी त्यांनीच घासली, म्हणाले प्रश्न माझ्या नातीचा आहे.

४ एप्रिलला अकरा बावीसला आठही न्यायाधीशांचा एकमुखी निकाल आला. सासूबाईंनी फोनवर सांगितलं की ते टीव्ही बंद करून आपसान डोंगरावर गेलेत, भूक लागली की येतील. आले संध्याकाळी. त्यांना हरल्याचं वाईट वाटत होतंच, पण जास्त लागलं ते हे की आठात एकानेही त्यांच्या बाजूने लिहिलं नाही.

जूनमधे त्यांनी यूनच्या पक्षाच्या किम मून-सूला मत दिलं, डेगूत तसं दोन तृतीयांश लोकांनी दिलं. मला तर मतच नाही, पर्मनंट रेसिडेन्सीवर स्थानिक निवडणुकीत चालतं, अध्यक्षाच्या नाही. आता जेवताना बातम्या लागल्या की ते रिमोट घेऊन बेसबॉल लावतात, सासूबाई परत बातम्या लावतात, आणि डेगूचे लायन्स हरत असले तर ते मुकाट बघू देतात.