नाशिकला आईच्या टॅबवर मंडळाची साइट उघडत नाही

प्रेषक: ग्रंथालय समिती

नमस्कार मंडळी,

मराठी भाषा गौरव दिनाची पत्रिका आणि मुलांच्या कवितावाचनाचे व्हिडिओ साइटवर चढवले खरे, पण गंगापूर रोडला आईच्या जुन्या टॅबवर पान उघडतच नाही. "तुमचे कनेक्शन खाजगी नाही" असं लाल चिन्ह घेऊन येतं. गूगल उघडतं, यूट्यूब उघडतं, बँकेचंही उघडतं; अडतं ते आपलंच. आधी उघडायचं, कधीपासून बंद झालं ते तिला आठवत नाही. इंदिरानगरला सासऱ्यांच्या आयपॅड मिनीवरही तीच तऱ्हा. वाय-फायवाला राउटर बदला म्हणतो, एम. जी. रोडचा मोबाइलवाला टॅबच बदला म्हणतो. कुसुमाग्रजांच्या नाशकात बसून नातीची कविता ऐकता येत नाही म्हणून आई माझ्यावरच रुसली आहे. इथे माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक दिसतं. कुणी सांगेल का?

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

ताई, त्यात काय एवढं? खाली 'प्रगत' असतं ते दाबायचं आणि 'पुढे जा' म्हणायचं. पंचवटीत माझा भाऊ रोज तेच करतो.

प्रेषक: वेबसाइट

काका, हात जोडतो, हे कुणाला शिकवू नका. आपल्या साइटवर वर्गणीचा फॉर्म आहे. आणि 'पुढे जा' बोटाला सवयीचं झालं की उद्या बँकेच्या नावाचं बनावट पान आलं तरी तेच दाबलं जाणार.

ताई, आईंना फोन करून टॅबवर अँड्रॉइड कितवं आहे ते विचारा. शिवाय लाल चिन्हाखाली बारीक इंग्रजी ओळ असते, तिच्या शेवटी 'अथॉरिटी इनव्हॅलिड' आहे की 'डेट इनव्हॅलिड', तेही बघायला सांगा. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचं आणि शब्द 'अथॉरिटी' असेल, तर राउटरला हात लावू नका, त्याचा काही संबंध नाही.

साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारं ओळखपत्र म्हणजे सर्टिफिकेट. आपलं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, म्हणजे फुकटातलं. प्रत्येक फोनमध्ये विश्वासातल्या 'रूट'ची, म्हणजे अशी ओळखपत्रं देणाऱ्या संस्थांच्या मूळ सर्टिफिकेटची, एक यादी असते. साइटच्या सर्टिफिकेटची साखळी त्यातल्या एकापर्यंत पोचली तरच पान उघडतं. लेट्स एन्क्रिप्टने २०१५ साली काम सुरू केलं तेव्हा त्यांचा स्वतःचा रूट, आयएसआरजी रूट एक्स१, कुठल्याच यादीत नव्हता. पूर्वी बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख म्हणून सही लागायची ना, तशी त्यांनी आयडेनट्रस्ट या जुन्या संस्थेची सही घेतली. त्या संस्थेच्या ज्या रूटवर हे सगळं उभं होतं, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. तोवर नव्या उपकरणांच्या याद्यांत आयएसआरजी आला होता. जुनी उपकरणं अडली, कारण अपडेट थांबले की यादीही गोठते. सासऱ्यांच्या आयपॅडचं तेव्हाच झालं असणार: नवा रूट आयओएस १० पासून आहे आणि पहिला आयपॅड मिनी ९.३ च्या पुढे जातच नाही.

अँड्रॉइडची गोष्ट मात्र मजेशीर आहे. यादीतल्या रूटची स्वतःची मुदत टळली का, हे अँड्रॉइड तपासतच नाही! तेवढ्यावर आयडेनट्रस्टने त्याच रूटवरून आणखी तीन वर्षांची सही करून दिली आणि जुने फोन चालत राहिले. ती सही ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. आईंचा टॅब बहुधा त्याच सुमाराला अडला.

मग यूट्यूब कसं उघडतं? गूगलची साखळी ग्लोबलसाइनच्या १९९८ सालच्या रूटपर्यंत जाते, आणि तो जुन्यातल्या जुन्या टॅबवरही असतो.

तूर्त आईंना प्ले स्टोअरमधून फायरफॉक्स घ्यायला सांगा. त्याच्या नव्या आवृत्त्या जुन्या अँड्रॉइडवर येत नाहीत, पण त्या टॅबला चालणारी शेवटची मिळते आणि यादी तो स्वतःची आणतो. तिथलं जुनं क्रोम सिस्टिमचीच यादी वापरतं. आयपॅडवर ही युक्ती चालत नाही; ब्राउझर कुठलाही घ्या, यादी ॲपलचीच. रूट हाताने टाकता येतो, पण "सेटिंग्जमध्ये जा, सर्टिफिकेट टाका" असं फोनवरून ज्येष्ठांना मी तरी सांगणार नाही. भामटेही हेच सांगतात. आणि बँकेचं पान उघडत असलं तरी बँकेचं काम त्या टॅबवर नको, त्याला सुरक्षेचे अपडेट कधीचेच बंद झालेत.

प्रेषक: खजिनदार

फुकटचं घेतलं की असं होतं. विकतचं सर्टिफिकेट घेऊन टाकू, पुढच्या बैठकीत मी विषय मांडतो.

प्रेषक: वेबसाइट

खजिनदारसाहेब, पैसे वाचवण्यासाठी बोलत नाही. विकतच्या सर्टिफिकेटने कुलूप जास्त मजबूत होत नाही. त्याचा रूट नवा निघाला तर पैसे भरूनही आईंचा टॅब अडणारच. शिवाय विकतच्याची मुदतही घटते आहे: १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२९ पासून ४७. दर वेळी हाताने कोण बदलत बसणार?

गूगल ट्रस्ट सर्व्हिसेसही फुकट देतं, आणि ती साखळी त्याच १९९८ च्या रूटपर्यंत जाते. नूतनीकरण आपोआप, आताच्याच प्रोग्रामने. शनिवारी रात्री बदलतो. तो जुना रूट २८ जानेवारी २०२८ पर्यंतच आहे, तेव्हा ही सोय तोवरचीच. विकतच्यासाठी पैसे काढायचेच असतील तर गणपतीच्या कार्यक्रमाला बरा माइक घ्या, व्हिडिओत निम्मं ऐकू येत नाही.

प्रेषक: ग्रंथालय समिती

आईचं अँड्रॉइड ६.०.१ निघालं, शब्द 'अथॉरिटी'च. शेजारच्या मुलाने फायरफॉक्स टाकून दिला, कविता ऐकून झाली, रुसवा गेला.

सासऱ्यांचा आयपॅड मात्र शनिवारी तुम्ही सर्टिफिकेट बदलल्यावर रविवारीही हटून बसला होता. शेवटी व्हिडिओ कॉलवर त्यांना सेटिंग्ज उघडायला लावल्या, तर तारीख २०१९ ची! म्हणजे आपल्या सर्टिफिकेटची मुदत त्याच्या लेखी अजून सुरूच झाली नव्हती. बॅटरी पार उतरून पडून होता म्हणे. तारीख आपोआप घेण्याची खूण चालू केली आणि पान उघडलं. आता ते विचारताहेत, मागचे दिवाळी अंक कुठे आहेत? पीडीएफची लिंक त्या पानावर सापडत नाही.

प्रेषक: वेबसाइट

मेनूत 'प्रकाशने' खाली आहेत. पहिल्या पानावरही टाकतो.